कार्थेजच्या राणीचा मृत्यु

कार्थेजची राणी डायडो हिला जग ओळखतें तें व्हर्जिलच्या महाकाव्यावरून. ट्रॉयचा ईनियस वादळांत तिच्या किनाऱ्यास लागतो, ती त्याच्यावर अनुरक्त होते, तो देवाज्ञेनें तिला टाकून इटलीस जातो आणि ती चितेवर प्राण देते. कथा हृदयंगम खरी, पण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. ग्रीकांच्या गणनेप्रमाणें ट्रॉय पडलें इ. स. पूर्वीं ११८४ च्या सुमारास; कार्थेज वसलें इ. स. पूर्वीं ८१४ मध्यें. नायक-नायिकांमध्यें पावणेचारशें वर्षांचें अंतर! व्हर्जिलपूर्वींच्या सर्वांत जुन्या परंपरेंत ईनियस नाहीं. भावानें पतीचा वध केल्यामुळें टायर सोडून आलेली ही विधवा आफ्रिकेंत नगर वसविते. शेजारचा राजा यार्बास युद्धाची धमकी देऊन तिला मागणी घालतो. तेव्हां पतीची निष्ठा आणि प्रजेचें रक्षण हीं दोन्ही साधावींत म्हणून ती चिता रचविते. रोमन कवीनें ह्या पतिव्रतेची प्रेमविव्हल परित्यक्ता केली.

पुढें इ. स. १७२४ च्या फेब्रुवारींत नेपल्सच्या सान बार्तोलोमेओ नाट्यगृहांत ‘दीदोने आब्बांदोनाता’ म्हणजे ‘परित्यक्ता डायडो’ हा ऑपेरा झाला. काव्य मेतास्तासियोचें, संगीत दोमेनिको सारोचें. राणीची भूमिका मारियान्ना बुल्गारेल्ली ह्या प्रसिद्ध गायिकेची. कवीचें वय अवघें सव्वीस. त्या काळच्या गंभीर ऑपेराचा शिरस्ता असा कीं, राजेलोक वाटेल तितके चुकोत, शेवटीं क्षमा, समेट आणि विवाह व्हावयाचाच. मेतास्तासियोनें तो शिरस्ता आरंभींच मोडला. व्हर्जिलनें पडद्याआड ठेवलेला यार्बास त्यानें रंगभूमीवर आणिला. हा मूर राजा स्वतःचाच वकील बनून दरबारांत येतो, नाकारला जातो, आणि अखेरीस नगरास आग लावतो. ईनियस गेलेला, विश्वासांतला ओस्मिदा फितूर निघालेला. अशा वेळीं यार्बास पुन्हां हात पुढें करितो. राणी नाहीं म्हणते व जळत्या राजवाड्यांत शिरते. तिला विरह आहेच. पण जगण्याची किंमत यार्बासशीं विवाह ही आहे, आणि ती किंमत ती देत नाहीं. माझ्या मतें जुन्या परंपरेंतील राणी येथें अर्धीअधिक परत आली आहे. एरव्हीं पद म्हणून टाळ्या घेत आंत जाण्याची गायकांची वहिवाट. येथें राणीचा शेवट पदावर नाहीं, साध्या स्वरबद्ध भाषणावर होतो, आणि अखेरचें समूहगीतही नाहीं.

पन्नासांहून अधिक संगीतकारांनीं ह्या एका काव्यास चाली दिल्या. त्यांतील लिओनार्दो विंची (चित्रकार लिओनार्दो तो निराळा) ह्याचा खेळ १७२६ सालीं रोममध्यें झाला. तेथें स्त्रियांस रंगभूमीवर बंदी असल्यामुळें डायडो झाला जाचिंतो फोंताना. आवाज कोवळा रहावा म्हणून मुलांना खोजे करण्याची क्रूर चाल त्या देशांत होती, त्या वर्गांतला हा गायक. पुरुषानें राणी होणें आपल्या संगीत रंगभूमीस नवें नाहीं. ही क्रूरता मात्र तिला कधीं शिवली नाहीं.

१७५२ सालीं माद्रिदच्या दरबारासाठीं मेतास्तासियोनें काव्य पुन्हां हातीं घेतलें आणि नवा देखावा जोडला: राजवाडा जळत असतां समुद्र खवळून ज्वाळांवर चालून येतो व त्यांतून जलदेव नेपच्यून प्रकट होतो. आग विझते, राणी त्याआधींच गेलेली असते.