मुकुटबनच्या सरकारी रानातील शिकारीचे शिक्षण

मुकुटबन या नावातच ‘बन’ आहे, आणि ज्या काळाचा वृत्तांत येथे द्यावयाचा आहे त्या काळी ते नाव सर्वार्थाने खरे होते. दक्षिणेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा, मधोमध साग, ऐन, धावडा, मोह व बांबू यांचे पानगळीचे रान, आणि त्या रानात कोलामांचे पोड व गोंडांचे गुडे, असा हा वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य लागे. आज येथे चुनखडी व कोळसा यांचे महत्त्व सागापेक्षा अधिक झाले आहे.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी जुन्या घरांच्या ओसरीवर सांबराची किंवा चितळाची शिंगे टांगलेली आहेत. ती पाहून नव्या पिढीतील मुले विचारतात, की आजोबा सरकारी जंगलात उघडपणे हरीण मारीत, ते कोणत्या अधिकाराने? आणि त्यांना हे शिकविले कोणी? प्रश्न योग्य आहे. घरोघर त्याचे उत्तर मात्र एक तर बढाईने दिले जाते, नाही तर संकोचाने टाळले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो. पण चितळ, सांबर व भेकर यांची शिंगे भरीव असून ती गळून पडतात व पुन्हा नवी येतात, तर काळवीट व चिंकारा यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. हा भेद केवळ शाळामास्तराचा नव्हे. पुढे शिकाऱ्याच्या शिक्षणात त्याला फार महत्त्व येणार आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. हा आपला जिल्हा त्या काळी वणी, म्हणजेच इंग्रजी लेखनातील ‘वून’, या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. १८८६ साली वऱ्हाडासाठी वनांचा कायदा झाला आणि सरकारी जंगलाचे तीन वर्ग ठरले : अ वर्ग लाकडासाठी, ब वर्ग गवताच्या रमण्यांसाठी, क वर्ग गुरे चारण्यासाठी. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी दिसते. परंतु पोडावरील कोलामाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. ज्या रानात त्याचा बाप धनुष्यबाण घेऊन फिरला, तेथे तोच आता गुन्हेगार ठरू लागला. आणि ज्याच्यापाशी बंदूक, फी भरण्यास पैसा व अर्ज लिहिण्यापुरती अक्षरओळख होती, तो परवानाधारक झाला. आपले वाडवडील या दुसऱ्या वर्गातले होते, हे स्वच्छ सांगितलेले बरे.

१९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. बंदुकीचा परवाना डेप्युटी कमिशनरकडून आणि जंगलात शिरण्याची परवानगी वनखात्याकडून, असे दोन कागद शिकाऱ्यास लागत. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. कोणत्या ब्लॉकात, किती दिवस, कोणती व किती जनावरे मारावयाची, हे ठरवून मिळे. मध्यप्रांताने १९३५ साली शिकारीविषयी स्वतंत्र कायदाही केला. फुकट व मोकाट शिकार असे तिचे स्वरूप निदान कायद्याने तरी नव्हते.

परवाना हाती आला तरी नवशिक्यास येत काहीच नसे. येथूनच खरी शाळा सुरू होई, आणि तिचा गुरुजी कोलाम असे. माझ्या वडिलांच्या पिढीतील मंडळींकडून जे ऐकले त्यावरून सांगतो, की पहिला हंगाम शिकवणाऱ्याच्या मागे रिकाम्या हाताने चालण्यात जाई. ओढ्याच्या ओल्या वाळूत चितळाचा माग कोणता व डुकराचा कोणता, हे ओळखावयाचे. डुकराच्या मागच्या उपखुरांचे ठसे दोन्ही बाजूंस उमटतात, चितळाचे सपाट जमिनीवर सहसा उमटत नाहीत. वारा पाहावयाचा, त्यासाठी चिमूटभर राख किंवा धूळ सोडली की पुरे. वारा पाठीवरून वाहत असेल तर तो दिवस फुकट गेला असे समजून परतावयाचे. फाल्गुनानंतर सागाची वाळली पाने पायाखाली पापडासारखी मोडतात, म्हणून दंव वाळण्यापूर्वीच्या दोन घटकाच काय त्या कामाच्या. वानरे झाडावरून पाला व फळे खाली टाकतात, म्हणून चितळ त्यांच्या खाली चरतात. वानराने खाकरून इशारा दिला की चितळ माना वर करतात. सांबराचा ढाँक असा आवाज आला तर वाघ किंवा बिबट्या जवळ आहे असे धरून चालावे. नवशिक्याला माणसाची चाहूल लागली असली तरी तोच आवाज ऐकू येई, आणि मग गुरुजी हसत.

मोहाच्या दिवसांत पहाटे चितळ हमखास मोहाखाली येतात. परंतु त्याच पहाटे, त्याच झाडाखाली, पोडावरील बायामाणसे टोपल्या घेऊन फुले वेचावयास आलेली असतात. म्हणून अंधारात मोहाखाली बंदूक उचलावयाची नाही, हा या शाळेचा पहिला नियम. तो कोणत्याही छापील नियमापेक्षा कडकपणे पाळला जाई.

दुसरा नियम असा, की आधी डोके पाहावयाचे आणि मग बंदूक. मादी मारावयाची नाही. नराची शिंगे मखमलीत असली, म्हणजे नवी व केसाळ कातडीने मढलेली असली, तरी तो सोडावयाचा. सांबराची शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या तोंडी गळतात. चितळांचे मात्र एकाच कळपात एकाचे कठीण, दुसऱ्याचे मखमली, तिसऱ्याचे नुकतेच गळलेले असे असू शकते. त्यामुळे कळप समोर उभा असूनही नवशिक्यास अर्धा-अर्धा तास झुडपाआड बसून केवळ पाहत राहावे लागे. त्यातच बंदूक बहुधा ठासणीची, एकच बार. तो चुकला तर पुन्हा दारू-गोळा ठासेपर्यंत रान मोकळे होई. जखमी जनावर सोडून घरी येणे ही सर्वांत मोठी नामुष्की. रक्ताचा माग काढीत दिवस मावळला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावयाचे.

या विद्येवर इंग्रजांनी पुष्कळ लिहिले. कॅप्टन फोरसिथ यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ सालचा, आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचा ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ १९२३ सालचा. अशा ग्रंथांत जनावरांची मोजमापे इंचापर्यंत असतात. माग काढणारा मनुष्य बहुधा बिननावाचाच राहतो. आपल्या घरच्या आठवणींतही याहून निराळे घडलेले नाही.

ही शाळा मोडली ती कायद्याने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाडी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आली, आणि तिच्याबरोबर प्रखर बॅटरी आली. रात्री दिव्याच्या झोतात चितळ दिपून उभे राहते. त्या झोतात दिसतात ते केवळ डोळे. शिंग दिसत नाही, नर-मादी कळत नाही, पाडस कळत नाही. वारा, माग, दंव, वानर, काहीएक शिकण्याची गरज उरली नाही. बंदुका वाढल्या हे खरे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यातही आहे. परंतु माझे मत असे, की रान रिकामे केले ते बंदुकीपेक्षा त्या दिव्याने. आणि त्या जीपमध्ये प्रतिष्ठित माणसे बसत. परगावचे पाहुणे आले की त्यांना रात्री ‘चक्कर’ मारून आणणे हा आदरातिथ्याचा भाग झाला होता. कोलाम गुरुजीचे काम आता मारलेले जनावर उचलून गाडीत टाकण्यापुरते उरले.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. चितळ व सांबर यांच्या शिकारीचा परवाना मिळण्याची तरतूद मात्र त्या कायद्यात होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. १९९७ साली जवळचे टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. म्हणजे आज कोणी तरुण हौसेने विचारील की शिकार कोठे शिकता येईल, तर उत्तर एकच : आपल्या देशात हौसेची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्यास तुरुंगवास आहे. रोही व रानडुकरे शेत उद्ध्वस्त करतात हे दुःख आपल्यापैकी शेती करणाऱ्या प्रत्येकाचे आहे. पण त्याचा उपाय वनाधिकाऱ्याकडील अर्ज हाच आहे, वीजप्रवाह सोडलेली तार नव्हे. २०२१ साली याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका वाघिणीस मारून तिचे पंजे तोडून नेण्यात आले, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे.

आता मंडळाच्या सभासद कुटुंबांस एक विनंती. ओसरीवरील शिंगांविषयी कायदा काय म्हणतो ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस विचारून घ्यावे. ती विकण्याच्या भरीस कोणीही पडू नये. जुने बंदुकीचे परवाने, ब्लॉकाच्या परवानग्या, फीच्या पावत्या ट्रंकेत असतील तर त्या रद्दीत न घालता त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात. मी पाहिलेल्या अशा दोन-तीन कागदांवर परवानेदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, बंदुकीचा क्रमांक, सर्व काही आहे. जो पुढे चालत होता त्याच्या नावासाठी रकाना नाही. घरातील वडील माणसांस अशा कोणा कोलामाचे वा गोंडाचे नाव व पोड आठवत असेल, तर ते नकलेच्या पाठीवर लिहून पाठवावे.