कायनेजांमधील बंधनाचे फॉस्फोरिलीकरणाद्वारे नियमन

कायनेजांमधील बंधनाचे फॉस्फोरिलीकरणाद्वारे नियमन ही सजीव पेशींतील संकेतवहनाची एक मूलभूत यंत्रणा होय. एटीपी या रेणूतील फॉस्फेट गट प्रथिनावर बसविणाऱ्या विकरास कायनेज म्हणतात. ज्या प्रथिनावर हा गट बसतो ते पुष्कळदा स्वतःही कायनेजच असते. अशा वेळी त्या कायनेजाची क्रियाशीलता तर बदलतेच, शिवाय ते कोणत्या प्रथिनाशी जोडले जाईल आणि केव्हा सुटेल हेही ठरते. मानवी जीनोममध्ये पाचशेहून अधिक कायनेजांची जनुके आहेत.

प्रभाराचे कार्य

फॉस्फेट गट मुख्यतः सेरीन, थ्रिओनीन व टायरोसीन या ॲमिनो आम्लांवर बसतो आणि त्याच्यासोबत ऋण विद्युत्प्रभार येतो. समोरच्या प्रथिनावर आर्जिनीन वा लायसीनचा धन प्रभार असल्यास आकर्षण निर्माण होते, ऋण प्रभार असल्यास प्रतिकर्षण. म्हणून एकच रासायनिक खूण एका ठिकाणी बंध जुळवते, तर दुसऱ्या ठिकाणी तोडते. फॉस्फेटेज ही विकरे ती खूण पुसून टाकतात. एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये स्नायूंतील ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर हे परिवर्तन दाखविले. त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आरएसकेचे उदाहरण

ही दोन्ही रूपे आरएसके या कायनेजात एकत्र दिसतात. १९८५ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंड्यांत, रायबोसोममधील एस-६ प्रथिनावर फॉस्फेट बसविणारे विकर म्हणून त्याचा शोध लागला. पेशीत हे काम मुख्यतः दुसरेच कायनेज करते असे पुढे आढळले. नाव मात्र जुनेच टिकले.

आरएसकेच्या एकाच साखळीत दोन कायनेज-खंड असतात. विश्रांत पेशीत साखळीच्या शेपटाकडील धन प्रभारित भाग ईआरके या कायनेजाच्या ऋण प्रभारित खोबणीला धरून असतो. वाढीचा संकेत आल्यावर ईआरके क्रियाशील होते आणि शेपटाकडील खंडास जागे करते. तो खंड आपल्याच साखळीतील, दोन खंडांना जोडणाऱ्या पट्ट्यातील एका सेरीनवर फॉस्फेट बसवितो. या फॉस्फेटमुळे पीडीके-१ हे तिसरे कायनेज तेथे येऊन चिकटते व पहिल्या खंडास क्रियाशील करते. त्यानंतर हा पहिला खंड ईआरकेच्या बंधनस्थळाजवळील सेरीनवर फॉस्फेट बसवितो. तेथे मात्र ऋण प्रभार बाधक ठरतो, पकड सैल होते आणि ईआरके सुटते. म्हणजे पीडीके-१ ला बोलावणारी आणि ईआरकेला निरोप देणारी खूण रासायनिकदृष्ट्या एकच असते, फरक केवळ जागेचा.

मानवी आरएसके-२ चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यातील उत्परिवर्तनांमुळे कॉफिन-लॉरी सिंड्रोम हा बौद्धिक अक्षमता व अस्थिदोष असलेला आनुवंशिक विकार होतो, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले.

राफ आणि १४-३-३ प्रथिने

ईआरकेच्या वरच्या पायरीवरील राफ कायनेजात मध्यस्थाचे काम १४-३-३ प्रथिने करतात. ती फॉस्फेटयुक्त सेरीन ओळखतात. दोन ठरावीक सेरीनांवर फॉस्फेट असेपर्यंत ती राफला मिटलेल्या, निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवतात. त्यांपैकी एक फॉस्फेट निघाला की राफ उलगडते व दुसऱ्या राफ रेणूशी जोडी करते. या निघणाऱ्या फॉस्फेटच्या परिसरातील राफ-१ ची उत्परिवर्तने नूनन सिंड्रोममध्ये आढळतात. या रुग्णांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचे प्रमाण मोठे असते. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत १४-३-३ प्रथिनांवर संशोधन झाले आहे.

सोयाबीनमधील रोधक

वाशिम जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक असलेल्या सोयाबीनमध्ये जेनिस्टीन हे संयुग असते. ते टायरोसीन कायनेजांतील एटीपीची जागा अडविते, असे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. खूणच न उमटल्याने तिच्यावर अवलंबून असलेले बंधही जुळत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळांत त्याचा रोधक म्हणून वापर होतो. तेथील मात्रा आहारातून रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेहून सहसा बरीच अधिक असते, म्हणून या निरीक्षणावरून सोयाबीनच्या औषधी गुणांचा निष्कर्ष काढता येत नाही.