दुखऱ्या खांद्याचं काय करायचं? ‘तीन सेट, दहा रेप’मागचा इतिहास

आजचा एपिसोड माझ्या उजव्या खांद्यापासून सुरू होतो आणि जर्मनीतल्या एका स्विमिंग पूलपर्यंत जातो. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

तर मी गोंदियाचा. दिवसभर लॅपटॉपवर कोड, संध्याकाळी जिम. मागच्या वर्षी फंक्शनल फिटनेसच्या एका स्पर्धेची तयारी करत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धावायचं, वजनं उचलायची, पुल-अप्स मारायचे, वाळूची बॅग खांद्यावर घेऊन चालायचं आणि हे सगळं घड्याळाविरुद्ध. क्रॉसफिटने हे जगभर नेलं. 2025 मध्ये हायरॉक्ससुद्धा मुंबईत आली.

स्पर्धेला पाच आठवडे उरले होते आणि पुल-अप करताना खांद्यात चमक भरली. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट काढता येईना. सल्ले दोन मिळाले. ट्रेनर म्हणाला, "दुखून राहिलं म्हणजे वाढून राहिलं भाऊ, मार अजून." घरी मोठे बाबा म्हणाले, "सोड ना बाबू हे सगळं. महिनाभर हात हलवू नको."

मी आधी पहिला सल्ला ऐकला. आठवड्याभरात हात वर जाईना. मग दुसरा ऐकला. तीन आठवडे काहीच केलं नाही. दुखणं थोडं कमी झालं, पण पहिल्याच दिवशी हलकं वजन उचललं आणि ते परत आलं. स्पर्धा गेली. मग मी इंजिनिअर माणूस करतो तेच केलं: हा प्रॉब्लेम आधी कुणी सोडवलाय का, ते शोधलं. सोडवलेला होता. तोही लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या निमित्ताने.

जिममध्ये आपण सगळे जे करतो ते ‘तीन सेट, दहा रेप’ कुठून आलं, माहीत आहे? मला वाटायचं कुठल्या तरी बॉडीबिल्डरने काढलं असेल. पण ते आलं हॉस्पिटलमधून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म नावाचा लष्करी डॉक्टर होता. वॉर्ड गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांनी भरलेले. तेव्हाची पद्धत म्हणजे भरपूर आराम आणि अगदी हलका व्यायाम. सैनिक महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि पाय काडीसारखे व्हायचे. डीलॉर्मला स्वतःला तरुणपणी मोठं आजारपण आलं होतं आणि वजनं उचलूनच त्याने ताकद परत मिळवली होती. त्याने रुग्णांच्या पायाला लोखंडी बूट बांधला, त्यावर वजन लावलं आणि झेपेल तसं ते वाढवत नेलं. 1945 मध्ये त्याने हे काम छापलं. सुरुवातीला सेट खूप जास्त होते. 1948 पर्यंत आर्थर वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ते तीनवर आणले. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनाने.

म्हणजे बघा, आपण ज्याला तगड्या माणसांचा व्यायाम समजतो, तो जखमी माणसांसाठी बनला होता.

त्याच वर्षी, 29 जुलै 1948 ला, लंडनमध्ये ऑलिम्पिक सुरू झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव त्यात कुस्ती खेळले आणि सहावे आले. नेमक्या त्याच दिवशी, लंडनपासून फार लांब नाही अशा स्टोक मॅंडेव्हिल हॉस्पिटलमध्ये, व्हीलचेअरवरच्या 16 माजी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. ती भरवली होती डॉ. लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून निसटून आलेले हे डॉक्टर. त्या काळी मणक्याला मार लागलेला माणूस फार दिवस जगणार नाही, असंच धरून चालायचे. त्याला पलंगावर ठेवायचे, बस. गुटमान म्हणाले, पाय चालत नाहीत ना, मग हात आणि खांदे चालवा. त्याच स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

आता आपल्या माणसाकडे येऊ. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमईमध्ये जवान आणि तिथले बॉक्सर. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं. पण उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाण्यात शरीराचं वजन जाणवत नाही, खांदे आणि हात मोकळे चालतात. बॉक्सरचे खांदे तर तयारच होते! 1968 ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. 1972 ला जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. देशाने पद्मश्री दिली 2018 मध्ये, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते कळले 2024 च्या ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे.

या गोष्टीचा ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ असा मेसेज करून फॉरवर्ड करू नका, प्लीज. जिद्द तर खाशाबांकडे काय कमी होती? 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तरी 1956 च्या तयारीत गुडघा गेला आणि मेलबर्न हुकलं. गुडघ्याला जिद्द कळत नाही, त्याला भार कळतो. पेटकरांनी मोडलेल्या भागाशी भांडण केलं नाही. जे शाबूत होतं ते कामाला लावलं.

आमच्या गोंदियात हे ज्ञान राइस मिलच्या दारात उभं असतं. लहानपणापासून बघतोय, धानाचे कट्टे वाहणारे हमाल एक खांदा दुखला की कट्टा दुसऱ्यावर घेतात, खेपा हळू करतात, पण काम सोडत नाहीत. यात कौतुकापेक्षा मजबुरी जास्त आहे. सुट्टी घेतली की मजुरी बुडते. आपल्याला निवड आहे, त्यांना नाही. म्हणून तरी ती निवड आपण नीट करावी.

मी काय केलं? फिजिओकडे गेलो. पुल-अप आणि डोक्यावर वजन नेणं बंद. पाय, पाठ, धावणं चालू. खांद्यासाठी आधी रबर बँड, मग दोन किलोचं डंबेल, मग डीलॉर्मसारखं हळूहळू वर. नियम साधा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आधीच्याच पातळीवर यायला हवं. नाही आलं तर कालचं वजन जास्त होतं, कमी करायचं. मी त्याची एक्सेल शीट ठेवली, सवयच ती!

आणि हे लक्षात ठेवा. हात-पाय बधिर होतायत, ताकद अचानक गेली, सांधा सुजलाय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, किंवा पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जातोय, तर हा एपिसोड बंद करा आणि थेट डॉक्टरकडे जा. तिथे वळसा घालायचा नसतो.

चार महिन्यांनी मी पहिला पुल-अप मारला. एकच. मोठे बाबा दारात उभे होते. म्हणाले, "झालं का? आता चहा घे." या वर्षी परत नाव नोंदवलंय. बघू.

तुमचं काय दुखतंय आणि त्याच्याभोवती तुम्ही काय करताय, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!