वर्धा खोऱ्यातील पोकळ जमीन

चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचा इतिहास जितक्या तपशिलाने नोंदवला गेला, तितका कोळसा काढल्यानंतर भूगर्भात उरलेल्या पोकळीचा नोंदवला गेला नाही, आणि घुग्घुससारख्या गावांच्या वाट्याला आलेल्या आपत्तीचे मूळ या उणिवेत आहे.

या खोऱ्यातील कोळसा गोंडवाना खडकसमूहातील आहे. हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांचा व गाळाचा तालचीर थर सर्वांत खाली असून, त्यावर पर्मियन काळातील, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील, बाराकर थर आहेत आणि कोळसा त्यांतच सापडतो. बाराकरवर नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म पसरलेला आहे. लोहामुळे तांबूस दिसणारा हा खडक सच्छिद्र असून पाणी साठवतो, आणि त्याचे काही थर इतके ठिसूळ असतात की आधार निघताच ते ढासळतात. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या कोळसाक्षेत्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा वरोऱ्याची सरकारी खाण सुरू झालेली होती. ती १९०६ मध्ये बंद झाली. भारतात खाणींविषयीचा पहिला कायदा १९०१ साली आला, तोवर या खाणीचे बहुतेक आयुष्य सरले होते.

जुन्या भूमिगत खाणींत कोळसा बोर्ड आणि पिलर पद्धतीने काढला जाई. थरात एकमेकांना छेदणारे बोगदे, म्हणजे गॅलऱ्या, खणून मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवले जात, आणि पुढे कित्येक ठिकाणी हे खांबही काढून घेतले जात. खांब निघाल्यावर विस्तीर्ण छत एकत्र खचले, तर जमिनीवर उथळ, बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. घरांना तडे जातात, पण ही हालचाल बहुधा लवकर दिसून येते आणि ओसरते. खांब शाबूत असलेल्या उथळ खाणीचे वर्तन मात्र वेगळे आणि अधिक घातक असते. तेथे गॅलऱ्यांच्या छेदाच्या जागी छताचा एकेक तुकडा गळत राहतो आणि पोकळी वर सरकत जाते. फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो. ही वाढ एक-तृतीयांश धरली, तर तीन मीटर उंचीची पोकळी सुमारे नऊ मीटर वर चढल्यावर मलब्याने भरून थांबायला हवी. प्रत्यक्षात मलबा चारही गॅलऱ्यांत पसरतो, पाण्याबरोबर वाहून जातो, त्यामुळे पोकळी या हिशेबापेक्षा बरीच वर पोहोचू शकते. खाण चालू असताना पंपांनी उपसलेले पाणी ती बंद झाल्यावर परत भरते, खांब भिजतात, आणि दर पावसाळ्यात वरची माती जड होते. म्हणूनच खाण बंद झाल्यानंतर दशकांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता, अरुंद पण खोल विवर उघडू शकते.

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर असेच जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळेवर बाहेर पडल्यामुळे वाचली, आणि आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. वॉर्डाखाली पूर्वीच्या भूमिगत खाणीची पोकळी होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या खोऱ्यातील खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि १९७५ पासून त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘वेकोलि’कडे आहेत, त्यांच्याबरोबर खाजगी मालकांच्या काळातील पोकळ्याही वारशाने आल्या. खाण बंद करण्याची शास्त्रशुद्ध योजना आधीच तयार ठेवण्याविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, त्यामुळे त्यापूर्वीच टाकून दिलेल्या खाणींसाठी अशी योजना बनलीच नाही.

उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही: जमिनीवरून छिद्रे घेऊन पोकळी शोधायची आणि तिच्यात पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरायची. मात्र छिद्र गॅलरीऐवजी खांबात गेले तर हाती काहीच लागत नाही, आणि नेमकी जागा ठरवण्यासाठी जुन्या खाणीचा विश्वसनीय नकाशा, तोही आजच्या रस्त्यांशी व घरांशी जुळवलेला, असावा लागतो. तो नकाशा घर बांधू पाहणाऱ्या माणसाला ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत पाहता आला पाहिजे.