टाळेबंदीच्या काळातील तरुणांच्या प्रेमकथा

कोविड-१९ महासाथीच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ या वर्षांत, भारतीय भाषांतील प्रेमकथांना एक नवा विषय मिळाला. टाळेबंदीमुळे परस्परांपासून दुरावलेले किंवा अनपेक्षितपणे एकाच छताखाली अडकलेले तरुण-तरुणी हे या कथांचे नायक-नायिका होत. परंपरागत प्रेमकथेत प्रेमाच्या आड घराणे, जात किंवा पैसा येतो. या कथांमध्ये प्रथमच एक सरकारी आदेश आणि त्यावरील तारीख आड आली.

टाळेबंदी आणि बंगळुरू

कर्नाटक सरकारने १३ मार्च २०२० रोजी चित्रपटगृहे, मॉल आणि पब एका आठवड्यासाठी बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. २२ मार्चपासून देशातील प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभरात २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. तिची मुदत टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढवण्यात आली. देशांतर्गत विमानसेवा २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. बंगळुरूमध्ये १४ जुलै २०२० पासून सुमारे आठवडाभर पुन्हा टाळेबंदी होती, तर २७ एप्रिल २०२१ पासून दुसऱ्या लाटेतील कडक निर्बंध अमलात आले.

शिक्षण आणि नोकरीनिमित्त देशभरातून आलेल्या तरुणांचे हे शहर आहे. महाराष्ट्रातून आलेल्या अभियंत्यांची आणि विद्यार्थ्यांची संख्याही येथे मोठी आहे. त्यांच्यापैकी काही जण टाळेबंदीपूर्वी गावी परतले, तर काही जण भाड्याच्या खोल्यांत आणि पेइंग गेस्ट वसतिगृहांत अडकून पडले. तरुणांच्या भेटीगाठींची कब्बन पार्क आणि लालबाग ही नेहमीची ठिकाणेही बंद झाली. मे २०२० च्या उत्तरार्धात शहरातील उद्याने उघडली, ती केवळ सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांपुरती.

या शहराला साथीचा अनुभव नवा नव्हता. १८९८ मध्ये येथे प्लेगची मोठी साथ आली होती. त्यानंतर दाटीच्या जुन्या पेठांबाहेर रुंद रस्ते आणि मोकळी हवा असलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्यांचा विस्तार झाला. त्या साथीने शहराला मोकळ्या जागा दिल्या. २०२० च्या साथीत त्याच जागांना कुलूप लागले.

छापील पानाऐवजी मोबाईल

टाळेबंदीत पुस्तकांची दुकाने आणि ग्रंथालये बंद होती. मुंबईत मार्च २०२० च्या अखेरीस काही दिवस छापील वृत्तपत्रांचे वितरणही थांबले होते. अशा वेळी वाचक आणि हौशी लेखक यांच्या हाती मोबाईल राहिला. बंगळुरू येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रतिलिपी' या मंचावर मराठीसह १२ भारतीय भाषांमध्ये कोणालाही कथा प्रसिद्ध करता येतात. क्रमशः येणाऱ्या प्रेमकथा हा तेथील लोकप्रिय प्रकार आहे. पुढील भाग लिहिला जात असतानाच मागील भागावर वाचकांचे अभिप्राय येत असल्याने लेखक आणि वाचक एकाच टाळेबंदीत, एकाच अनिश्चिततेत होते.

इंग्रजीतही असे लेखन झाले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये किशोर व तरुण वाचकांसाठी 'टुगेदर, अपार्ट' हा ९ लेखकांच्या टाळेबंदी-प्रेमकथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. भारतात शोभा डे यांचा 'लॉकडाऊन लिएझन्स' हा कथासंग्रह त्याच वर्षी आला. त्यातील पात्रे मात्र प्रामुख्याने प्रौढ आहेत.

कथेची घडण

या कथांच्या रचनेला टाळेबंदीनेच आकार दिला. मुदत वाढली की विरह वाढतो, त्यामुळे कथेतील काळ सरकारी घोषणांनुसार मोजला जातो. भाजी किंवा औषध आणण्याचे निमित्त, समोरासमोरच्या गच्च्या, मुखपट्टीमुळे केवळ डोळ्यांवरून होणारी ओळख आणि खंडित होणारा व्हिडिओ कॉल ही साधने वापरली जातात.

तथापि, बाहेरचे दार बंद झाले म्हणून घरातील जुना अडसर दूर झाला नाही. दोन खोल्यांच्या घरात आई-वडील आणि भावंडे दिवसभर हजर असताना फोनवर बोलणे हेच मोठे साहस ठरले. अनेक घरांत ऑनलाइन वर्गासाठी एकच मोबाईल होता आणि मुलींच्या हाती तो मोजक्या वेळेपुरता येई. ज्या कथा ही अडचण नोंदवतात, त्या अधिक खऱ्या वाटतात.

पडद्यावरील चित्रण

ऑक्टोबर २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या 'पुत्तम पुदु कालै' या तमिळ चित्रपटमालिकेत सुधा कोंगरा दिग्दर्शित 'इळमै इदो इदो' हा लघुपट आहे. मुलांपासून लपून भेटणारे मध्यमवयीन प्रेमिक टाळेबंदीमुळे एकाच घरात अडकतात. प्रेमात ते स्वतःला तरुण समजतात, म्हणून त्या प्रसंगांत तरुण कलाकार दिसतात. डिसेंबर २०२० मधील 'अनपॉज्ड' या हिंदी मालिकेत 'किल्ला' या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी 'विषाणू' या लघुपटात स्थलांतरित मजुराच्या कुटुंबाची कथा मांडली.

मर्यादा

स्वतःची खोली, वेगवान इंटरनेट आणि घरून करता येणारे काम असलेल्यांची टाळेबंदी ही देशातील सर्वांची टाळेबंदी नव्हती. बंगळुरूतील परप्रांतीय बांधकाम मजूर गावी जाण्याची वाट पाहत असताना, मे २०२० च्या प्रारंभी कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांबरोबरच्या बैठकीनंतर श्रमिक रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली होती. टीकेनंतर हा निर्णय बदलण्यात आला. त्या मजुरांमध्येही विशी-पंचविशीतील तरुण होते. त्यांचे प्रेम आणि विरह मात्र या कथांत क्वचितच आढळतात. मार्च २०२३ मध्ये प्रदर्शित झालेल्या अनुभव सिन्हा यांच्या 'भीड' या हिंदी चित्रपटाने ही उणीव काही अंशी भरून काढली. राज्याच्या सीमेवर अडवलेल्या मजुरांची गर्दी आणि त्या बंदोबस्तावरील पोलीस अधिकाऱ्याचे जातीची भिंत ओलांडणारे प्रेम त्यात एकत्र येते.

निर्बंध उठल्यानंतर हा विषय मागे पडला. घाईने लिहिलेल्या या कथांपैकी अनेकींना वाङ्मयीन मूल्य कमी असेल. परंतु भेट ही गोष्टच निषिद्ध ठरलेल्या दिवसांत तरुणांनी एकमेकांशी कसा संपर्क ठेवला, याची नोंद त्यांत आहे. रुग्णसंख्येच्या आणि आदेशांच्या सरकारी कागदपत्रांत ती सापडत नाही.