छत्तीसचा आकडा आणि टेबलावरची तारीख

डमडमला राहायला आल्यापासून माझ्या टेबलावर रोज तीन तारखा असतात: कचेरीची इंग्रजी, शेजाऱ्यांची बंगाब्दातली आणि गावाकडून आलेल्या कालनिर्णयातली तिथी. एका जुन्या रुबिक क्यूबवर आकडे चिकटवून निदान एक तरी तारीख फिरवून दाखवावी, असे मनात आले. एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्टमध्ये घडवलेल्या या ठोकळ्याच्या मांडण्या सुमारे ४३ वर अठरा शून्ये इतक्या. वर्षाचे दिवस फार तर ३६६. तरी जमले नाही. कोपऱ्याच्या तुकड्याला तीन बाजू असतात, पण वर दिसते एकच. एका तुकड्यावरचे दोन आकडे कधीच शेजारी येत नाहीत. त्यात एक आकडा जागेवर आणावा तर दुसरा आडवा होतो.

हाच पेच दोन साध्या ठोकळ्यांच्या दिनदर्शिकेत आहे. इंग्लंडमध्ये जॉन सिंगलटन यांनी १९५७-५८च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. ११ आणि २२ साठी एक व दोन दोन्ही ठोकळ्यांवर हवेत. ०१ ते ०९ दाखवायचे तर शून्यही दोन्हींवर हवे, कारण नऊ आकडे एका ठोकळ्यावर मावत नाहीत. बारापैकी सहा बाजू संपल्या, आकडे उरले सात. यावर तोड अशी की रोमन वळणाचा सहा उलटा केला की नऊ होतो.

योगायोग असा की २२ मार्च १९५७ला, म्हणजे १ चैत्र १८७९ला, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोलकात्याचे मेघनाद साहा, सचिव निर्मलचंद्र लाहिरी. सदस्यांत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. शक आपला, महिने आपले. आकड्यांचा निकाल मात्र राज्यघटनेने आधीच लावला होता: कलम ३४३प्रमाणे संघराज्याच्या कामकाजात आंतरराष्ट्रीय रूपातले अंक. सरकारी चैत्र त्या दोन ठोकळ्यांवर सुखाने बसतो.

देवनागरी बसत नाही. आपला ६ उलटा केला तर ९ होत नाही. तो झुकतो ३कडे! छत्तीसच्या आकड्यात एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले हे दोघे एका बाजूवर नांदतील असे क्षणभर वाटते; पण शेपटी नडते, ती वर जाते. बंगाली ६ आणि ९ यांचीही तीच कथा.

दोष आकड्यांचा नव्हे, आधीच्या शून्याचा आहे, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. आपल्या भिंतीवरच्या पानावर 'पाच तारीख' ५ अशीच छापतात, ०५ नव्हे. हा शून्य सोडला की शून्याला एकच जागा पुरते. एका ठोकळ्यावर ०, १, २, ४, ५, ६ आणि दुसऱ्यावर १, २, ३, ७, ८, ९. बारा बाजू, काहीही उलटे न करता. शिवाय ३२ही दिसतो, आणि तो इथे लागतो: पश्चिम बंगालच्या पंचांगात आषाढ कधीकधी ३२ दिवसांचा असतो.

सुताराकडून दोन ठोकळे करून घेतले आहेत. पहिले नऊ दिवस त्यातला एक रिकामा असतो. पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर तो ठेवतो.