इशारतीचा बार ते रुक्मिणी

आषाढात शाहूवाडीच्या डोंगरात असा पाऊस कोसळतो की समोरचा कडा दिसत नाही. 13 जुलै 1660 रोजी गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे एका आवाजाची वाट पाहत लढत होते. शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले की इशारतीच्या तोफा उडतील, असं ठरलं होतं. त्या दिवसांत मशाल, धूर, निशाण यांचा भरवसा नाही. आवाज तेवढा खिंडीपर्यंत येणार.

तो बार पाठलागावरच्या सिद्दी मसूदच्या फौजेच्याही कानांवर पडणारच होता. पण त्याचा अर्थ आपल्याच माणसांत आधी ठरलेला होता. लष्करी उपग्रहाचं कूळ मला इथं सापडतं. उपग्रहाचा झोत हजारो किलोमीटर समुद्रावर पसरतो, शत्रूच्या जहाजावरही पडतो. तो लपवता येत नाही. म्हणून मजकूर सांकेतिक करायचा, तो उलगडायची किल्ली दोन्ही टोकांना आधीच पोचवून ठेवायची. गोंगाट करून कुणी निरोप बुजवू नये म्हणून वारंवारताही सारखी बदलत ठेवता येते.

पृथ्वीच्या गतीनं फिरत सुमारे 36,000 किलोमीटरवर एका जागी ‘उभ्या’ राहणाऱ्या उपग्रहांमार्फत जगभर संदेश पोचवण्याची कल्पना आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये मांडली. ब्रिटिश सैन्याचा स्कायनेट-1ए 1969 मध्ये आपल्याच हिंदी महासागराच्या माथ्यावर येऊन उभा राहिला. आपलं नौदल मात्र पुढं कित्येक वर्षं परदेशी उपग्रहसेवेवर विसंबून होतं. आपला निरोप परक्याच्या हाती, ही गोष्ट मला आजही बोचते. 30 ऑगस्ट 2013 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून नौदलासाठी जीसॅट-7 म्हणजेच ‘रुक्मिणी’ झेपावली. वायुदलाचा जीसॅट-7ए 2018 मध्ये गेला, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला श्रीहरिकोट्याहून नौदलासाठी 4,410 किलोंचा सीएमएस-03.

शाहूवाडीतल्या मलकापुरात आजही पावसाचा जोर वाढला की घरच्या टीव्हीवरचं चित्र चौकोनी तुकडे होऊन थिजतं. डिशच्या कू-बँडच्या आखूड लहरी पाण्याच्या थेंबांत विरतात. रुक्मिणीवर कू-बँड आहेच, पण जोडीला यूएचएफही आहे. त्या लांब लहरींना पाऊस जवळजवळ अडवत नाही, आणि लाटांवर डोलणाऱ्या जहाजाला त्यांच्यासाठी मोठी तबकडी नेम धरून फिरवत बसावं लागत नाही.